जखमी ग्राहकाची वकिली : कोल्हापुरात ही प्रॅक्टिस कशी उभारावी

कुकर फुटून भाजलेली गृहिणी, शस्त्रक्रियेतील हलगर्जीपणामुळे पाय गमावलेला शेतकरी, नव्या मशीनमध्ये बोटे चिरडलेला कारागीर अशा माणसांच्या बाजूने उभे राहण्यालाच आपली मुख्य प्रॅक्टिस करावी, असे वाटणारे तरुण वकील अलीकडे मला वरचेवर भेटतात. त्यांतल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर परदेशी मालिकेतला वकील असतो. तो ज्युरीसमोर भावनेला हात घालणारे भाषण करतो आणि पक्षकाराला मिळालेल्या रकमेतला ठरलेला हिस्सा फी म्हणून घेतो. आपल्याकडे नुकसानभरपाईच्या दाव्यात ज्युरी नसते, निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी निषिद्ध आहे आणि वकिलाला जाहिरातही करता येत नाही. हे तिन्ही वजा केल्यावर जे उरते ते कागद, वस्तू आणि तारखा सांभाळण्याचे चिवट काम आहे. इजा झाल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात हे काम नीट झाले नाही, तर पुढची दोन वर्षे कितीही चांगला युक्तिवाद केला तरी ती उणीव भरून निघत नाही, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे. पुढचे सगळे विवेचन याच मताभोवती आहे.

सनद आणि उमेदवारी

पात्रतेबद्दल फार सांगण्यासारखे नाही. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम प्रवेश परीक्षा देऊन करावा लागतो आणि त्यासाठी शहाजी लॉ कॉलेजसारखी जुनी संस्था कोल्हापुरात आहेच. पुढे महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद घ्यावी आणि अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२४ च्या निकालानंतर खुल्या प्रवर्गासाठी नोंदणी शुल्क ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, ही गरीब घरातून येणाऱ्या मुलामुलींच्या दृष्टीने मोठी सोय झाली आहे.

उमेदवारी कोणाकडे करावी, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. माझा सल्ला अनेकांना उलटा वाटतो. पहिली दोन वर्षे विमा कंपन्यांची कामे पाहणाऱ्या सिनिअरकडे काढावीत. जखमी माणसाचा दावा कोणत्या फटींतून पाडला जातो, अपंगत्वाच्या दाखल्यावर डॉक्टरांना उलटतपासणीत कोणते प्रश्न विचारले जातात आणि उत्पन्नाचा पुरावा कसा खोडून काढला जातो, हे पलीकडच्या टेबलावर बसल्याशिवाय नीट समजत नाही. ती दोन वर्षे कसबा बावड्यातील न्यायसंकुलात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या बोर्डावर घालवावीत. वेळ मिळेल तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगातही बसावे आणि तिथले मराठी निकालपत्र वाचून घरी त्याचा सारांश लिहावा. आपल्या आयोगापुढची तक्रार, शपथपत्रे आणि लेखी युक्तिवाद बहुतांशी मराठीत असतात, त्यामुळे इंग्रजीत कायदा शिकलेल्या मुलांना 'सामनेवाल्यांनी (म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांनी) सेवेत त्रुटी केली आहे' असे एक सरळ वाक्य लिहिण्यासाठीही सुरुवातीला धडपडावे लागते.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयीन इमारतीत सुरू झाले. या व्यवसायाच्या दृष्टीने त्याचा अर्थ फार व्यावहारिक आहे. अपघात न्यायाधिकरणाच्या निवाड्यावरचे अपील उच्च न्यायालयात जाते आणि ते चालवण्यासाठी कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांना आता मुंबईची वारी करावी लागत नाही. पूर्वी आपण फाईल मुंबईच्या वकिलाकडे सोपवत होतो आणि ज्याने जखमीला पहिल्यांदा पाहिले तो माणूस अपिलात नसायचा. आता तरुण वकिलाला दावा पहिल्या नोटिशीपासून अपिलापर्यंत स्वतः चालवता येतो.

वस्तू भंगारात जाऊ देऊ नका

माझ्या उमेदवारीच्या काळात करवीर तालुक्यातल्या एका खेड्यातून एक कुटुंब आले होते. कुकरचे झाकण उडून घरातल्या सुनेचा चेहरा आणि मान भाजली होती. दवाखान्याचे सगळे कागद होते, दुकानाची पावती होती, शेजारचे साक्षीदार होते. नव्हता तो फक्त कुकर. अपशकुनी वस्तू घरात नको म्हणून सासूबाईंनी तो चौथ्या दिवशी भंगारवाल्याला दिला होता. दोष शिटीच्या नळीत होता की सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये, की रबर रिंग बाहेरची बसवली होती, हे तपासायला काहीच उरले नव्हते. उत्पादकाने नेमकी बाहेरची रिंग वापरल्याचीच बाजू मांडली आणि तक्रार फेटाळली गेली. त्या दिवसापासून माझ्या कार्यालयात पक्षकाराचे नाव विचारण्याआधी 'वस्तू कुठे आहे?' असे विचारले जाते.

म्हणून पहिल्या भेटीत पुढील गोष्टी करून घ्याव्यात. वस्तू जशी आहे तशी, न धुता, न जोडता, कापडात गुंडाळून खोक्यात ठेवावी आणि दोन साक्षीदारांसमोर खोके सील करून त्यावर तारीख व सह्या घ्याव्यात. त्याआधी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि क्रमांक, बॅच व मानकाचे चिन्ह स्वच्छ दिसेल असे एक छायाचित्र जवळून घ्यावे. घरगुती प्रेशर कुकरला १ फेब्रुवारी २०२१ पासून आयएस २३४७ या मानकानुसार आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, त्यामुळे चिन्हच नसेल तर निम्मे काम तिथेच होते. छायाचित्रे ज्या मोबाईलवर काढली तो मोबाईल विकू नये असे पक्षकाराला बजावावे, कारण भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र पुढे त्याच उपकरणाच्या आधारे द्यावे लागते. कंपनीचा माणूस 'तपासणीसाठी' वस्तू न्यायला आला तर ती देऊ नये. आमच्या समोर तपासा, असे लेखी कळवावे.

वस्तूचा दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३८ खाली आयोग तिचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो आणि तिचे शुल्क बहुधा तक्रारदारालाच भरावे लागते. त्या अर्जात प्रयोगशाळेला नेमके काय विचारायचे हे आपल्याला कळले पाहिजे. इथे कोल्हापूरकर वकिलाला एक फायदा आहे, तो दुसऱ्या जिल्ह्यात सहज मिळणार नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत कास्टिंगचे तुकडे पाहून आयुष्य गेलेली माणसे आहेत. एखाद्या फाउंड्रीतल्या जाणत्या माणसाशी ओळख ठेवावी आणि दोन-चार रविवार त्याच्या शॉपमध्ये घालवावेत. धातू जुन्या भेगेवरून तुटला आहे की एका झटक्यात, हे तुटलेल्या कडेच्या रंगावरून आणि पोतावरून तो दाखवून देतो. त्याचे म्हणणे हा पुरावा ठरत नाही, परंतु प्रयोगशाळेला विचारायचे प्रश्न त्यातूनच सुचतात.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्यातील सहाव्या प्रकरणाने, म्हणजे कलम ८२ ते ८७ ने, 'उत्पादन दायित्व', म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेची जबाबदारी, पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत आणले. निर्मितीतील दोष, रचनेतील दोष, ठरलेल्या तपशिलापासून झालेले विचलन, दिलेल्या स्पष्ट हमीचा भंग आणि वापराच्या अपुऱ्या सूचना किंवा इशारे, यांपैकी काहीही दाखवता आले की उत्पादक जबाबदार धरता येतो. आपण दिलेल्या हमीचा भंग झाला असेल, तर हमी देताना निष्काळजीपणा केला नाही हे सिद्ध करूनही त्याची सुटका होत नाही. दुकानदार मात्र आपोआप जबाबदार ठरत नाही. त्याने वस्तूत बदल केला, जोडणीत हयगय केली किंवा उत्पादक कोण तेच कळत नाही, असे काही दाखवावे लागते, म्हणून तक्रारीत त्याच्याविरुद्धचा परिच्छेद वेगळा लिहावा. कलम ८७ मधले बचाव (गैरवापर, फेरबदल, सर्वज्ञात धोका) तक्रार लिहिण्यापूर्वीच पक्षकाराला आडवेतिडवे प्रश्न विचारून तपासून घ्यावेत. ही उलटतपासणी आपल्या कार्यालयात व्हावी. तिथे चहा तरी मिळतो.

हुपरीच्या कारागिराचे उदाहरण

समजा, हुपरीतल्या एका ३५ वर्षांच्या चांदी कारागिराने स्वतः चालवण्यासाठी दीड लाखाचे रोलिंग मशीन घेतले. त्याच्या रोलरला संरक्षक जाळी नव्हती आणि पत्रा काढताना त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. सामनेवाल्यांचा पहिला आक्षेप ठरलेला असतो : मशीन व्यापारी हेतूने घेतले, सबब हा ग्राहकच नव्हे. त्याचे उत्तर व्याख्येतच आहे. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही. ही गोष्ट तक्रारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदातच सविस्तर मांडावी. घरात किती माणसे काम करतात, मशीन कोण चालवते, मजुरीवर किती काम येते, हे सगळे तिथे यावे. हा तपशील नंतर शपथपत्रात घातला की तो बनावट वाटतो.

आता रकमेकडे वळू. डॉक्टरांनी २० टक्के कायम अपंगत्वाचा दाखला दिला. पण बारीक कडी जुळवणाऱ्या माणसाच्या उजव्या हाताची दोन बोटे जाणे म्हणजे कमाईच्या पाचव्या हिश्श्याचे नुकसान नव्हे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेतील घट यांतला फरक पायरीपायरीने समजावला आहे आणि तो निकाल या क्षेत्रातल्या वकिलाने अक्षरशः पाठ करावा. महिना २०,००० रुपये उत्पन्न धरले तर वर्षाचे २,४०,००० होतात. प्रणय सेठी प्रकरणातील २०१७ च्या निकालानुसार चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारीसाठी भावी वाढीचे ४० टक्के मिळवले की ३,३६,००० होतात. सरला वर्मा निकालातील तक्त्याप्रमाणे ३५ व्या वर्षाचा गुणक, म्हणजे वार्षिक रकमेला ज्याने गुणायचे तो आकडा, १६ आहे. कमाईतील घट २० टक्केच धरली तर रक्कम १०,७५,२०० रुपये निघते, आणि ५० टक्के सिद्ध केली तर २६,८८,०००. हा फरक कोणत्याही युक्तिवादातून येत नाही. त्याच पेठेतला दुसरा कारागीर, माल देणारा सराफ आणि शल्यचिकित्सक यांच्या तीन नेमक्या शपथपत्रांतून तो येतो. गुणकाची ही पद्धत अपघात दाव्यांची आहे आणि आयोगावर ती बंधनकारक नाही. तरीही आकडा कुठून आला हे दाखवणारी तक्रार आणि 'शारीरिक मानसिक त्रासापोटी ५० लाख' असे मोघम मागणारी तक्रार यांतली कोणती मंजूर होते, हे निकालपत्रे वाचणाऱ्याला ठाऊक असते.

याच उदाहरणात एक गोष्ट जुन्या वकिलांनाही चकवते. आयोगाचे आर्थिक अधिकारक्षेत्र आता मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही. वस्तूसाठी किंवा सेवेसाठी मोजलेल्या मोबदल्यावर ते ठरते : डिसेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्यावर राष्ट्रीय आयोग. म्हणजे दोन हजारांच्या कुकरमुळे झालेल्या इजेपोटी एक कोटी मागायचे असले तरी तक्रार जिल्हा आयोगातच दाखल करायची आहे आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असल्याने तिला शुल्कही नाही. शिवाय तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. कोल्हापुरात उपचार घेतलेला कणकवलीचा रुग्ण स्वतःच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात तक्रार करू शकतो आणि पुण्याच्या कंपनीविरुद्ध हुपरीचा कारागीर कोल्हापुरात.

वैद्यकीय हलगर्जीपणाची प्रकरणे

सांगली, कोकण आणि बेळगावकडचे रुग्ण कोल्हापुरात येतात, त्यामुळे ही प्रकरणे इथे आपोआप येतात आणि तरुण वकिलाची नाचक्कीही सर्वांत जास्त इथेच होते. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या १९९५ च्या निकालाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. ज्या रुग्णालयात काहींकडून पैसे घेतले जातात आणि काहींवर मोफत उपचार होतात, तिथला मोफत उपचार घेणाराही ग्राहक ठरतो. मात्र सर्वांनाच पूर्णपणे मोफत सेवा देणारे रुग्णालय या कायद्याच्या बाहेर राहते आणि तिथे दिवाणी न्यायालयाचा किंवा रिट याचिकेचा मार्ग पाहावा लागतो. विमा कंपनीने बिल भरले म्हणून सेवा मोफत होत नाही, हेही त्याच निकालात आहे.

मृत्यू झाला म्हणजे हलगर्जीपणा झाला असे नव्हे. डॉक्टरने त्या शाखेतल्या सामान्य कौशल्याच्या वाजवी डॉक्टरइतकी काळजी घेतली की नाही, एवढाच प्रश्न असतो आणि जेकब मॅथ्यू प्रकरणातील २००५ च्या निकालापासून ही कसोटी पक्की आहे. म्हणून शोकाकुल कुटुंब कार्यालयात आले की त्याच दिवशी वकीलपत्र घेऊ नये. आधी संपूर्ण इनडोअर केस पेपर, म्हणजे रुग्ण दाखल असतानाच्या सगळ्या नोंदी, मागवाव्यात. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार अर्ज केल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात, म्हणून अर्जाची पोच तारखेनिशी घ्यावी. कागद आले की डॉक्टरांच्या नोंदींआधी नर्सच्या नोंदी वाचाव्यात. रक्तदाब कधी उतरला, डॉक्टरांना फोन कधी केला आणि ते कधी आले, हे तिथे तासाच्या हिशेबाने असते आणि राऊंडच्या नोंदींशी ते नेहमी जुळतेच असे नाही. रुग्ण कॅशलेस विम्यावर दाखल झाला असेल तर विमा कंपनीकडे गेलेली कागदपत्रेही मागवावीत. ती त्या त्या दिवशी पाठवलेली असतात, त्यामुळे नंतर कोणी मूळ पेपरात भर घातली असेल तर ती या दुसऱ्या प्रतीत दिसत नाही. संमतिपत्र कोणत्या भाषेत आहे, सही कोणाची आहे आणि ज्या शस्त्रक्रियेसाठी संमती दिली तीच झाली का, हे समीरा कोहली प्रकरणातील २००८ चा निकाल शेजारी ठेवून तपासावे.

मग तज्ज्ञाचे मत. प्रत्येक प्रकरणात ते लागतेच असे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये व्ही. किशन राव प्रकरणात म्हटले आहे, पण नवख्याने त्यावर विसंबू नये. पोटात राहिलेला कापसाचा बोळा स्वतःच बोलतो, औषधाच्या मात्रेचा प्रश्न बोलत नाही. गावातला डॉक्टर गावातल्या डॉक्टरविरुद्ध लिहून देत नाही, यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. पुण्या-मुंबईकडचे निवृत्त प्राध्यापक शोधावेत, नावे झाकून फाईल पाठवावी आणि मत प्रतिकूल आले तर कुटुंबाला समोर बसवून तसे सांगावे. माझ्याकडे आलेली अशी बरीच प्रकरणे मी याच टप्प्यावर परत पाठवली आहेत. त्यांतली काही माणसे पुढे दुसऱ्या प्रकरणासाठी माझ्याकडेच आली.

मुदती, इतर मंच आणि आयोगापुढचे काम

ग्राहक तक्रारीची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. मोटार अपघाताचा दावा २०१९ च्या दुरुस्तीनुसार अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा आहे आणि ही तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. हंगामात उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळलेले दुचाकीस्वार इथे दरवर्षी दिसतात आणि जखमी माणूस चार-पाच महिने अंथरुणातच असतो, त्यामुळे डायरीत पहिली नोंद मुदतीचीच हवी. निपाणीजवळ अपघात झाला तरी जखमी कागलचा असेल तर दावा कोल्हापुरात चालतो. शेतात तुटून पडलेल्या वीजतारेचा धक्का बसलेल्या प्रकरणात ग्राहक असण्या-नसण्याचा वाद घालत बसण्यापेक्षा, वीज वितरण करणाऱ्यावरचे कठोर दायित्व (चूक सिद्ध न करताही येणारी जबाबदारी) मान्य करणारा शैलकुमारी प्रकरणातील २००२ चा निकाल घेऊन दिवाणी न्यायालयाचा विचार करावा.

आयोगापुढे प्रत्यक्ष वक्तृत्वाला जागा थोडी असते. पुरावा शपथपत्रावर येतो आणि उलटतपासणी बहुधा लेखी प्रश्नावलीने होते. सामनेवाल्यांनी ३० आणि फार तर आणखी १५ दिवसांत लेखी म्हणणे दिले नाही, तर पुढे ते घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी स्पष्ट केले आहे. म्हणून नोटीस बजावल्याच्या तारखेचा पुरावा फाईलच्या सर्वांत वर ठेवावा.

फी आणि ओळख

हिश्श्याची फी घेता येत नाही आणि जखमी माणसाकडे एकरकमी पैसे नसतात. या दोहोंमधून एकच सरळ वाट मला सापडली आहे. तक्रार, पुरावा आणि युक्तिवाद अशा तीन टप्प्यांत ठरलेली फी लेखी घ्यावी आणि झेरॉक्स, तज्ज्ञ व प्रयोगशाळा यांचा खर्च वेगळ्या वहीत, पावत्यांसह लिहावा. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता मोफत विधी साहाय्य मिळते, म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर लवकर नाव नोंदवावे. पैसे कमी मिळतात, पण उलटतपासणीचा हात तिथेच बसतो. दवाखान्यांच्या दारात फिरणाऱ्या एजंटांकडून कामे घेऊ नयेत. सनद धोक्यात येते हे तर आहेच, शिवाय एजंटाने आणलेला पक्षकार त्याचाच राहतो आणि तडजोडीच्या दिवशी ते कळते. एक गमतीची गोष्ट म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या १४ मे २०२४ च्या निकालाने वकिलांच्या सेवा ग्राहक कायद्यातून वगळल्या. सगळ्यांना आयोगात खेचणारे आपण स्वतः मात्र तिथून सुटलो. बार कौन्सिलकडची तक्रार आणि दिवाणी दावा यांतून मात्र सुटका नाही.

हुकूम झाला म्हणजे पैसे आले असे होत नाही. सामनेवाले राज्य आयोगात अपील करतील तर त्यांना ४५ दिवसांची मुदत आहे आणि हुकमाच्या रकमेची निम्मी रक्कम आधी भरावी लागते. त्यांनी अपीलही केले नाही आणि पैसेही दिले नाहीत, तर कलम ७१ खाली वसुलीची दरखास्त आणि कलम ७२ खाली शिक्षेचा अर्ज करावा. या दुसऱ्या कलमात एक महिना ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे आणि समन्स निघाल्यावर धनादेश येण्यास सहसा फार दिवस लागत नाहीत. रक्कम थेट पक्षकाराच्या खात्यात जमा करून घ्यावी, मूळ कागद मोजून परत द्यावेत आणि त्यांची पोच घ्यावी. सील केलेले खोके मात्र अपिलाची मुदत संपेपर्यंत कार्यालयाच्या कपाटातून हलवू नये.